नागुबाईची कोरडी वाट

अहमदपूरच्या मोंढ्यामागं एक छोटं कला महाविद्यालय आहे. आठ खोल्या, पत्र्याचं सायकल स्टँड, दारात लिंबाची पाच झाडं आणि सगळे मिळून तीनशेच्या आत विद्यार्थी. इथून बी. ए. झालेल्या पोरांना पुढं काय मिळेल, हे छातीठोकपणे कुणी सांगत नाही. पण सेवा योजनेचं शिबिर या कॉलेजनं कधी चुकवलेलं नाही. दर जानेवारीत पन्नास पोरं-पोरी एखाद्या गावच्या शाळेत सात दिवस मुक्काम टाकतात, सकाळी श्रमदान करतात, दुपारी व्याख्यानं ऐकतात आणि संध्याकाळी गावापुढं गाणी म्हणतात.

यंदा शिबिराचे प्रमुख मठपती सरांनी नवा पायंडा पाडला. शिबिराचा सगळा कारभार एका विद्यार्थ्याच्या हाती द्यायचा. कामं ठरवायची त्यानं, गट पाडायचे त्यानं, सरपंचाशी बोलायचं त्यानं आणि शेवटच्या दिवशी गावापुढं अहवाल वाचायचाही त्यानंच. सर मागं उभे राहणार. "पुढारपण भाषणातून शिकता येत नाही," असं त्यांचं म्हणणं. निवड करताना त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: गावात गेल्यावर सगळ्यात आधी काय करशील? कुणी म्हणालं स्वच्छता, कुणी वृक्षारोपण, कुणी व्यसनमुक्तीचं पथनाट्य. शेवटच्या वर्षाची आरती म्हणाली, "घरोघर जाऊन विचारीन, सगळ्यात आधी काय व्हायला पाहिजे म्हणून."

आरतीची निवड झाली.

शिबिराचं गाव ठरलं बोरदरी. हे ऐकून आरतीला हसूच फुटलं, कारण बोरदरी म्हणजे तिचं आजोळ. वडील एस. टी. त कंडक्टर, त्यामुळं ती वाढली अहमदपुरात. पण उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या तिनं बोरदरीत रामकिशनमामाच्या शेतात काढल्या होत्या. आजी-आजोबा गेल्यावर आईला माहेर म्हणून हा एकच भाऊ उरला होता. मामा ग्रामपंचायतीचा सदस्य, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. निवडीची बातमी कळल्यावर त्यानं फोनवर आईला सांगितलं, "भाची पुढारी होऊन येऊन राहिली माझ्या गावात. दूध, जळण, पाणी, कशाचीच काळजी करू नका म्हणावं तिच्या सरांना."

आणि खरंच, पहिल्या दिवशी मुलांच्या ट्रंका उतरायच्या आधी शाळेच्या ओट्यावर दुधाचा कॅन आणि ज्वारीचं पोतं येऊन पडलं होतं. मठपती सर म्हणाले, "असं गाव दरवर्षी मिळो."

दुसऱ्या दिवशी पाहणी सुरू झाली. बाकीच्यांचे चार-चार जणांचे गट करून आरतीनं गल्ल्या वाटून दिल्या. स्वतःकडं आणि वर्गातल्या पुनमकडं तिनं ओढ्याच्या अंगाची बुद्धवाडी घेतली. खरं सांगायचं तर इतक्या सुट्ट्यांत त्या बाजूला ती कधी गेलीच नव्हती. जायचं कारण पडलं नव्हतं, आणि कारण का पडलं नाही हेही तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

वाडीत एक्केचाळीस घरं. विहार स्वच्छ, गल्लीत फरशी, बऱ्याच घरांतली पोरं पुण्याला, नांदेडला नोकरीत. पुनम प्रश्न विचारी आणि आरती लिहून घेई. नळ आहे का, गॅस आहे का, कोण कितवी शिकलं. शेवटचा प्रश्न आरती स्वतः विचारी: "गावात सगळ्यात आधी काय व्हायला पाहिजे?"

"मसणवाट्याला वाट," पहिल्या घरातल्या बाईनं सांगितलं.

दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरी म्हातारा म्हणाला, "लिव्हा, वाट." सातव्या घरापर्यंत पुनम तिच्याकडं बघायला लागली. मग आरतीनं नुसत्या खुणाच टाकायला सुरुवात केली.

शेवटून तिसरं घर नागुबाईचं. म्हातारी बाजेवर पडून होती. ऐंशीच्या पुढची, हातापायाच्या काड्या झालेल्या, पण नजर शाबूत. दम लागत होता. चार शब्द बोलून ती थांबे, श्वास घेई, मग पुढचे चार बोले. नातू अश्वजित उशाशी बसला होता. पंचविशीचा, बी. एड. झालेला, एका संस्थेच्या शाळेत तासिकेवर शिकवणारा.

"कुणाची तू?" नागुबाईनं विचारलं.

"रामकिशनमामाची भाची. अहमदपूरची."

"अगं माय!" म्हातारीचा चेहरा उजळला. "तुझ्या आईला म्या कडेवर घेऊन फिरलेय. चाळीस वर्सं खुरपलं तुमच्या रानात. बस, बाजंवर बस."

आरती बाजेवर टेकली आणि तिनं शेवटचा प्रश्न विचारला. नागुबाई आढ्याकडं बघत बोलू लागली.

"माझ्या मालकाला नेलं तव्हा वाट होती," ती म्हणाली. "बैलगाडी जाईल एवढी. मग ती बारीक झाली, मग बुजली. आम्ही वढ्यातून जाऊ लागलो. वढा कोरडा असायचा, काई वाटत नव्हतं. आता खाली बंधारा बांधलाय, बारा म्हैने मांडीइतकं पाणी. गेल्या सालच्या आदल्या साली माझा लेक गेला. ह्याचा बाप." तिनं अश्वजितकडं बोट केलं. "त्याला पाण्यातून नेला. मधात एकाचा पाय सटकला. तिरडी कलली आन् माझं लेकरू पाण्यात पडलं. मेलेलं लेकरू, माय. भिजलेल्या कापडानं जाळावं लागलं त्याला. लवकर पेटंना."

आरतीनं पेन खाली ठेवलं.

"मला काई नको," नागुबाई म्हणाली. "घरकुल नको, काई नको. माझं आता होतच आलंय. मला निस्तं कोरडं न्या."

अश्वजित उठला आणि त्यानं कपाटातून एक जाडजूड फाईल आणली. तिच्यात गाव नकाशाची नक्कल होती, जुनी, पिवळी. त्यानं बोट ठेवून दाखवलं: वाडीपासून निघालेली एक तुटक रेघ, ओढ्याच्या वळशाला वरच्या अंगानं टाळून, थेट पलीकडच्या माळावर मसणवाट्यापर्यंत जाणारी. "ही पाणंद. बारा फुटांची. सरकारी कागदावर आजही हाय. सहा वर्सं झाली अर्ज देतोय, मोजणी करा म्हणून. तारीख पडते, कुणीतरी बोलतं, तारीख पुढं जाते."

रेघ ज्या शेतातून जात होती त्याचा गट नंबर आरतीला वाचता आला. पण नंबर वाचायची गरजच नव्हती. ओढ्याचा वळसा, विहीर, विहिरीजवळचं जांभळीचं झाड. त्या झाडावरून पडून तिचा हात मोडला होता. त्या शेतात बैलगाडीची वाट तिनं कधीच पाहिली नव्हती. तिच्या आठवणीत तिथं कायम पीकच होतं.

"शेत कुणाचं, तेही लिहून घ्या की, ताई," अश्वजित शांतपणे म्हणाला.

आरतीनं मामाचं नाव लिहून घेतलं.

शाळेवर परतल्यावर तिनं सगळं मठपती सरांना सांगितलं. सर पन्नाशी ओलांडलेले, मवाळ गृहस्थ. त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला, पुन्हा लावला.

"आपण सात दिवसांचे पाहुणे, आरती. आठव्या दिवशी आपली गाडी निघते. मागं राहतं गाव आणि गावातली भांडणं."

"मग विचारलं कशाला सर, आपण घरोघर जाऊन?"

सर म्हणाले, "शिबिर तुझ्या हातात दिलंय. मी मागं हटणार नाही. पण ठरवायचं तुलाच."

तिसऱ्या दिवशी श्रमदान आटोपून ती एकटीच मामाकडं जेवायला गेली. मामीनं शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी आणि कढत भाकरी वाढली. मामा खुशीत होता. सरपंच परवा शिबिराचं किती कौतुक करत होता, ते सांगत होता. अर्धी भाकरी झाल्यावर आरतीनं विषय काढला.

"मामा, वढ्याकडच्या शेतातून पाणंद होती का?"

मामाचा घास हातातच थांबला. "कुणी सांगितलं?"

"नकाशावर आहे."

"नकाशावर लई काई असतं. माझ्या वडलांच्या काळातच ती वाट मोडली. कुणी चालंना, गवत वाढलं, नांगर फिरला. त्यांनीच सोडली वाट. आता वढ्याला पाणी आलं तर आमच्या पिकातून जायचं म्हणतात. आज मढं नेतील, उद्या ट्रॅक्टर नेतील. एकदा वाट दिली की कायमची गेली."

"बारा फूटच आहे, मामा. आणि कागदावर ती आपली नाहीच."

"आपली?" मामानं ताट बाजूला सारलं. "तू माझ्या घरची लेक म्हणून आलीस का त्यांची वकील म्हणून?"

त्याचा आवाज चढला नव्हता, तरी आरतीला लहानपणी कधी वाटली नव्हती अशी भीती वाटली. मामी चुलीपुढून उठली नाही. आरती निघाली तेव्हा ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "नागुबाईच्या हातची कडब्याची पेंडी कधी सैल सुटली न्हाई बघ. तसली कामाची बाई न्हाई झाली पुन्हा." एवढंच बोलून ती आत वळली.

चौथ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. मामानं तिला कळवलं होतं. आई रागावली नाही, हेच वाईट झालं. ती नुसती रडत होती. "आरते, मला एकच भाऊ हाय गं. सणावाराला जायला एकच दार हाय. तू चार दिवसांनी परत येशील. माझं काय?"

आणि मग आरतीनं जे केलं, ते तिला पुढं कधी विसरता आलं नाही. त्या दुपारी तिनं अहवाल लिहायला घेतला. शोषखड्डे अकरा, गल्ल्या स्वच्छ केल्या सात, आरोग्य तपासणीला एकशे बावीस जण. शेवटच्या पानावर तिनं लिहिलं, 'ग्रामस्थांच्या मते गावात अंतर्गत रस्त्यांची गरज आहे.' एवढंच. एक्केचाळीस घरांची एक्केचाळीस उत्तरं त्या एका ओळीत बुडाली. पाणंद नाही, गट नंबर नाही, नाव नाही.

पाचव्या दिवशी अश्वजित शाळेवर आला. त्यानं अहवाल बघायला मागितला आणि तिनं दिला. त्यानं शेवटचं पान वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि वही नीट मिटून तिच्या हातात ठेवली.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "राहू द्या, ताई. आजीला सांगू नका फक्त. ती रोज इचारते, त्या पोरीनं लिव्हलं का म्हणून."

सहाव्या दिवशी सकाळी, मुलं प्रार्थनेला उभी असताना, वाडीतला एक माणूस सायकलवर आला. नागुबाई पहाटे गेली होती.

आरतीनं कामं थांबवली. सरांना न विचारताच तिनं सगळ्यांना सांगितलं, आज श्रमदान नाही, आज आपण मयतीला जातोय. तीन-चार पोरं एकमेकांकडं बघायला लागली, पण सर स्वतः चपला घालून उभे राहिलेले पाहून सगळी निघाली.

वाडीत पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमली होती. नांदेडहून, परभणीहून पाहुणे यायचे होते, त्यामुळं दुपार झाली. विहारातले नागसेन काका वंदना म्हणू लागले. 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणताना सगळी वाडी एका आवाजात त्यांच्या मागं होती. नागुबाई पांढऱ्या वस्त्रात इतकी छोटी दिसत होती की तिरडीवर कुणी लहान पोर ठेवलंय असं वाटावं. अश्वजितनं पुढचा खांदा घेतला.

यात्रा वाडीतून निघाली आणि शेताच्या कडेला आली. समोर हरभऱ्याचं रान, घाट्यांनी लगडलेलं. उजव्या हाताला उतार आणि उताराखाली ओढ्याचं हिरवट, थंडगार पाणी. बांधावर रामकिशनमामा दोन गड्यांसह उभा होता. पुढची माणसं सवयीनं उजवीकडं उताराला वळली.

आरती बांधाकडं गेली.

"मामा, आजचा दिवस जाऊ द्या. चाळीस वर्षं तिनं तुमच्या रानात काम केलं."

"कामाचा रोज तिला मिळालाय," मामा म्हणाला. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही, हरभऱ्याकडं पाहिलं. "आज एकीला वाट दिली की उद्या सगळ्यांना द्यावी लागंल. तू मधात पडू नको, आरते. घरी जा."

"तिनं आईला कडेवर खेळवलंय, मामा."

मामाचा ओठ हलला. क्षणभर तिला वाटलं, आता हा बाजूला होईल. पण गडी बघत होते, वाडी बघत होती, आणि एवढ्या माणसांसमोर पाय मागं घेणं त्याला जमलं नाही. तो तसाच उभा राहिला.

आरती परत आली. वाडीतली दोन तरणी पोरं म्हणत होती, घुसू सरळ पिकात, बघू कोण अडवतंय. अश्वजितनं खांद्यावरची तिरडी न उतरवता मान हलवली.

"न्हाई. आज आजीचं शेवटचं काम हाय. भांडणातून न्हाई न्यायची तिला. वढ्यानंच जाऊ."

"पण ती म्हणाली होती..." आरती म्हणाली.

"मला म्हाईत हाय ती काय म्हणाली होती."

आरतीनं पाण्याकडं पाहिलं. पंचवीस-तीस पावलांचं पात्र होतं. मग ती अश्वजितच्या जवळ गेली आणि तिनं विचारलं, "आम्ही पाण्यात दोन रांगांनी उभं राहू का? कुणी चालायचं नाही, म्हणजे कुणाचा पाय सटकणार नाही. वरच्या वर, हातोहात पलीकडं देऊ. तुम्ही हो म्हणालात तरच."

अश्वजितनं नागसेन काकांकडं पाहिलं. काकांनी डोळे मिटून मान डोलावली.

पहिल्यांदा आरती उतरली. जानेवारीचं पाणी, पोटऱ्यांत सुया टोचल्यासारखं झालं. तळाचा गाळ पायांना खाली ओढत होता. तिच्यामागं पुनम, मग पोरी ओढण्या कमरेला बांधून, मग पोरं. मठपती सरांनी पँट गुडघ्यावर दुमडली, पण पाणी मांडीपर्यंत होतं. ते तसेच भिजत पलीकडच्या काठाजवळ जाऊन उभे राहिले. वाडीतली माणसं मधल्या जागा भरत गेली. तिघं पोरं काठावरच घुटमळली. त्यांतल्या एकानं थोड्या वेळानं बूट काढले आणि तोही आला. दोघं आली नाहीत.

दोन रांगा समोरासमोर उभ्या राहिल्या. अश्वजितनं तिरडीचा पुढचा दांडा पहिल्या दोघांच्या हाती दिला आणि तो स्वतः पाण्यात उतरून रांगेत जाऊन उभा राहिला. नागुबाई हातांवरून पुढं सरकू लागली. कुणी घाई केली नाही. ज्याच्या हातून ती पुढं जाई, त्याचे हात आणखी काही वेळ तसेच वर राहत. नागसेन काका काठावरून हळू आवाजात गाथा म्हणत होते आणि पाण्याच्या बारीक आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता. आरतीच्या हातांवर दांडा आला तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं, माणसाचं ओझं किती थोडं असतं. पांढऱ्या वस्त्राचा काठ तिच्या कपाळाला लागला. तो कोरडा होता.

मठपती सरांनी पलीकडं दांडा खांद्यावर घेतला आणि चार पावलं जाऊन वाडीतल्या माणसाला दिला. त्यांचे ओठ थंडीनं काळेनिळे पडले होते.

चिता चांगली पेटली. परत येताना अश्वजित आरतीजवळ थांबला. त्याच्या पँटचे पाय चिखलानं माखले होते.

"आजी कोरडी गेली," तो म्हणाला. "तुमचे उपकार म्हणणार न्हाई, कारण ते उपकार न्हाईत. पण ध्यानात राहील." मग जरा थांबून म्हणाला, "आज तुम्ही पन्नास जण होता. पुढच्या टायमाला कोण उभं राहणार पाण्यात?"

शाळेवर जाऊन आरतीनं ओले कपडे बदलले, अहवालाचं शेवटचं पान फाडलं आणि ते पुन्हा लिहायला बसली. लिहिण्याआधी तिनं आईला फोन लावला. सगळं सांगितलं, नागुबाई गेली तेही, आणि उद्या आपण काय वाचणार तेही. मग आई म्हणाली, "नागुबाई गेली का?" आणि फोन ठेवला.

सातव्या दिवशी शाळेच्या पटांगणात समारोप होता, आणि त्यालाच जोडून ग्रामसभा. मामा पहिल्या रांगेत होता. शिबिराला मदत केली म्हणून सरपंचांनी त्याला शाल घातली होती. आरती अहवाल घेऊन उभी राहिली. शोषखड्डे वाचले, गल्ल्या वाचल्या, टाळ्या झाल्या. मग तिनं पान उलटलं.

"बुद्धवाडीत एक्केचाळीस घरं आहेत," ती वाचू लागली. "सगळ्यात आधी काय व्हावं, असं आम्ही प्रत्येक घरी विचारलं. एक्केचाळीस घरांनी एकच उत्तर दिलं: स्मशानभूमीला वाट. गाव नकाशावर बारा फुटांची पाणंद आहे. ती आज शेतात नांगरली गेली आहे." तिनं गट नंबर वाचला. मग मालकाचं नाव वाचलं. "हे शेतकरी माझे सख्खे मामा आहेत. मी लहानपणापासून त्या शेतात खेळले, आणि तिथं वाट होती हे मला माहीत नव्हतं. पाहणीत माहीत झाल्यावरही अहवालात मी ते आधी लिहिलं नव्हतं. ती चूक माझी. पाणंदीची मोजणी करून ती खुली करावी, असा ठराव ग्रामसभेनं घ्यावा, अशी शिबिराची विनंती आहे."

मामा उठला. त्यानं अंगावरची शाल काढली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि फाटकाकडं चालू लागला. आरतीच्या शेजारून जाताना तो थांबला नाही.

सरपंच घाईघाईनं म्हणाले, "हा विषय आपण पुढच्या बैठकीत..." पण मागं बसलेला अश्वजित फाईल घेऊन उभा राहिला होता. "ठराव आज घ्या," तो म्हणाला. "सहा वर्सं पुढची बैठकच चाललीय." त्याच्यामागं वाडीतली माणसं उठली, बायका उठल्या. मग उरलेल्या गावातून एक म्हातारा उठला, मग शाळेचे हेडमास्तर. आणि मग, साडीचा पदर डोक्यावर घट्ट ओढून, बायकांच्या घोळक्यातून मामी उभी राहिली. ग्रामसेवकानं पेन उघडलं.

ठराव झाला म्हणून वाट लगेच झाली नाही. एप्रिलात मोजणीदार आले. मेच्या अखेरीस मुरूम पडला. बारा फुटांची पाणंद नकाशावरच राहिली. प्रत्यक्षात आठ-नऊ फूट मिळाली, आणि विहिरीजवळ तर सहाच. पण तिरडी जाईल, चार खांदेकरी जोडीनं चालतील, एवढी ती आहे. मामा कोर्टात जाईल असं सगळे म्हणत होते. तो गेला नाही. का गेला नाही, हे कुणाला कळलं नाही. मामीलाही त्यानं सांगितलं नाही.

आरतीशी तो बोलला नाही, आणि आरतीच्या आईशीही नाही. नागपंचमीला दरवर्षी यायचा तो फोन आला नाही. भाऊबीजेला आईनं सकाळपासून ताट करून ठेवलं होतं: सुपारी, करदोडा, लाडू, निरांजन. चारच्या सुमाराला तिनं ते तसंच उचलून आत नेलं. आरती मागं मागं स्वयंपाकघरात गेली.

"आई, मी चुकले का?"

आई लाडू डब्यात भरत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

"न्हाई चुकलीस," ती म्हणाली. "पण तुझं बरोबर हाय म्हणून माझं दुखणं कमी हाय, असं समजू नको. दोन्ही हाय."

मग तिनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "अश्वजितला तिथल्या शाळेत कायम केलं का?"

"नाही अजून. परीक्षा देतोय."

"चांगला पोरगा हाय," आई म्हणाली. "त्याच्या बापाला आम्ही तात्या म्हणायचो. लहानपणी वढ्यावर आम्हाला बोरं पाडून द्यायचा." मग पदरानं तोंड पुसून तिनं चहाचं आधण ठेवलं आणि आरतीला म्हणाली, "दूध बघ जरा फ्रीजमधलं."